आल्फ्रेड वेगेनर : चालत्या खंडांचा शोधक

काही वर्षांपूर्वी भूगोलाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि त्या सत्रात इयत्ता नववीचा भूगोल शिकवण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे. सनावळ्या, तह आणि चळवळी यांची सवय झालेल्या माणसाने खडक आणि महासागर शिकवायचे म्हणजे आदल्या रात्री विद्यार्थ्यांच्या बरोबरीनेच अभ्यासाला बसणे आले. जगाचा एक जुना नकाशा कात्रीने कापून आम्ही दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे तुकडे वर्गात टेबलावर ठेवले. वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने ते एकमेकांना लावून पाहिले. ब्राझीलचा पुढे आलेला कोपरा गिनीच्या आखाताच्या कुशीत जवळजवळ नीट बसला. हे पहिल्यांदा कोणी ओळखले, आणि ओळखल्यावर लोकांनी ते लगेच मान्य केले का, असे तिने विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात एका ओळीत होते. दुसऱ्याचे नव्हते. ते शोधताना आल्फ्रेड वेगेनर यांचे चरित्र आमच्या हाती लागले आणि तेव्हापासून ते आमच्या मनातून गेलेले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे मांडत आहोत.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि एका अनाथ मुलांच्या वसतिगृहाचे प्रमुख म्हणून काम पाहत. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. त्यांनी भौतिकशास्त्र, हवामानशास्त्र आणि खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला. १९०५ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली ती खगोलशास्त्रात, ग्रहगतीच्या मध्ययुगीन कोष्टकांवरील प्रबंधासाठी. पदवी हाती आली आणि त्यांनी खगोलशास्त्र सोडले. त्यांचे मन वातावरणाकडे आणि ध्रुवप्रदेशाकडे ओढले गेले होते. वरच्या हवेचा अभ्यास करण्यासाठी ते पतंग आणि फुगे आकाशात सोडत. १९०६ च्या एप्रिलमध्ये भाऊ कुर्ट यांच्यासह ते फुग्यातून सलग ५२ तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. खडकांच्या शास्त्रात क्रांती घडवणारा हा माणूस खडकांचा अभ्यासक नव्हता. पुढे त्यांना जे सोसावे लागले, त्यातील मोठा भाग याच एका कारणाने सोसावा लागला.

त्याच १९०६ साली ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलँडला गेले आणि दोन हिवाळे तेथे राहिले. मोहिमेचे नेते आणि त्यांचे दोन सोबती बर्फात मरण पावले. परतल्यावर वेगेनर मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. १९१० च्या नाताळात एका सहकाऱ्याला भेट मिळालेला नवा मोठा नकाशासंग्रह चाळताना अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचे साम्य त्यांच्या नजरेत भरले. ही गोष्ट त्यांनी आपली भावी पत्नी एल्से यांना पत्राने कळवली. हे साम्य पूर्वीही अनेकांनी पाहिले होते. नकाशे बरे निघू लागले तेव्हापासून ते दिसतच होते. वेगेनर यांचे वेगळेपण त्यापुढच्या पावलात आहे. १९११ मध्ये मारबुर्गच्या ग्रंथालयात त्यांच्या वाचनात एक संकलन आले. त्यात महासागराच्या दोन तीरांवर सापडणाऱ्या सारख्याच जीवाश्मांची नोंद होती. मीसोसॉरस हा पाण्यात राहणारा लहानसा सरपटणारा प्राणी. त्याचे अवशेष दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडतात, अन्यत्र नाही. हजारो किलोमीटरचा खारा समुद्र तो पोहून गेला असेल, हे संभवत नाही.

भूशास्त्रज्ञांजवळ याचे एक ठरलेले उत्तर होते. पूर्वी खंडांच्या दरम्यान जमिनीचे लांबच लांब पूल होते, प्राणी त्यांवरून ये-जा करीत आणि पुढे ते पूल समुद्रात बुडाले, असे ते सांगत. वेगेनर यांनी या उत्तरावरच बोट ठेवले. खंड हलक्या खडकांचे आहेत, समुद्रतळ जड खडकांचा आहे. पाण्यावर तरंगणारे लाकूड जसे आपोआप तळाला जात नाही, तसा हलका खंड जड तळात बुडू शकत नाही. त्यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवली. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या उंचीची मोजदाद केली तर दोनच पातळ्या सर्वाधिक आढळतात : एक समुद्रसपाटीच्या किंचित वर आणि दुसरी सुमारे पावणेपाच किलोमीटर खाली. एकाच जातीचे कवच कोठे उचलले आणि कोठे खचले असते तर उंचीचा असा दुहेरी मेळ बसला नसता. खंड आणि समुद्रतळ मुळातच भिन्न द्रव्याचे आहेत. म्हणून खंड बुडत नाहीत. ते आडवे सरकतात.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हा विचार प्रथम मांडला. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते.

त्यांच्या पुराव्यांतील एक धागा आपल्या विदर्भाच्या मातीत आहे. मध्य भारतातील कोळसा ज्या थरांत सापडतो, त्यांना एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी गोंड लोकांच्या भूमीवरून गोंडवाना असे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडालाच हे नाव लावले. ज्या समाजाला पाठ्यपुस्तकांत स्वतःसाठी फारच थोड्या ओळी मिळाल्या, त्याचे नाव अर्ध्या पृथ्वीच्या प्राचीन भूमीला आहे. पण भूगोलाच्या तासाला हे किती मुलांना सांगितले जाते? बल्लारपूर आणि चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. हेच ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. प्राण कंठाशी आले असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांतही ग्लॉसोप्टेरिस होते. आज बर्फाने झाकलेल्या अंटार्क्टिकावर कधीकाळी रान होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

याच्या उलट खूण आपल्याकडे आहे. चंद्रपूर परिसरात इरई येथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या हिमनदीने आपल्या तळाशी धरलेल्या दगडगोट्यांनी खडक घासल्यावर असे ओरखडे पडतात. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे एकेकाळी हिमनदी वाहत होती! खंड जागचे हलत नाहीत असे मानले तर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ होते असे म्हणावे लागते, आणि त्याच काळात युरोप-अमेरिकेत दमट रानांचा कोळसा बनत होता. वेगेनर यांनी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले. सगळे ओरखडे एकाच हिमचादरीचे ठरले. आम्हाला त्यांचा हा पुरावा किनाऱ्यांच्या जुळणीपेक्षाही अधिक पटणारा वाटतो, आणि तो सुचला एका हवामानशास्त्रज्ञाला, यात नवल नाही. बर्फ काय करते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

सभेनंतर काही महिन्यांतच ते पुन्हा ग्रीनलँडला गेले. या वेळी डॅनिश कप्तान योहान पेटर कॉख यांच्याबरोबर त्यांनी हिमचादरीवरच हिवाळा काढला आणि आइसलँडचे घोडे घेऊन ते बेट सर्वांत रुंद भागातून ओलांडले. शेवटी अन्न संपले, घोडे गेले. किनाऱ्याजवळ पोहोचलेल्या त्या उपाशी माणसांना होडीतून जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाने पाहिले म्हणून ते वाचले. १९१३ मध्ये एल्से यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एल्से या हवामानाचे जागतिक वर्गीकरण करणारे व्लादिमिर कोपेन यांच्या कन्या. कोपेन यांनी जावयाला या वादात न पडण्याचा सल्ला दिला होता. पुढे त्यांचे मत बदलले आणि प्राचीन हवामानावर दोघांनी मिळून ग्रंथ लिहिला.

महायुद्ध सुरू झाले. राखीव अधिकारी म्हणून वेगेनर आघाडीवर गेले आणि दोनदा जखमी झाले. दुखापतीनंतरच्या रजेत त्यांनी आपले पुस्तक लिहून काढले. खंडांच्या आणि महासागरांच्या उत्पत्तीवरचे ते पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पृष्ठे अवघी ९४. पुढील आवृत्त्यांत ते वाढत गेले. सर्व खंड एकेकाळी एकत्र होते, त्या महाखंडाला पँजिया हे नाव रूढ झाले. १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले आणि विरोधाने उग्र रूप घेतले.

१९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील खनिज तेलाच्या भूशास्त्रज्ञांनी या विषयावर परिसंवाद घेतला. बहुतेक वक्ते विरोधात बोलले. हा माणूस आमच्या क्षेत्रातला नाही. त्याने सोयीचे पुरावे निवडले. शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पायाच तो काढून घेऊ पाहतो, असा एकंदर सूर होता. जर्मनीत त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नाही. ते १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने दिले.

मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. शहाणा एकटा आणि मूर्ख जमाव अशी ही गोष्ट सांगणे सोपे आहे, आणि ती अनेकदा तशीच सांगितली जाते. ती पूर्ण खरी नाही. विरोधकांचा एक आक्षेप रास्त होता. खंडांना ढकलते कोण? वेगेनर यांनी दोन बले सुचवली : पृथ्वीच्या परिवलनामुळे ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे होणारी ओढ आणि चंद्र-सूर्याचे भरतीचे बल. इंग्लंडचे हॅरोल्ड जेफ्रीज यांनी गणित मांडून दाखवले की ही बले या कामासाठी फारच क्षीण आहेत. भरतीचे बल खंड हलवण्याइतके मोठे असते तर पृथ्वीचे फिरणेच अल्पावधीत थांबले असते. जेफ्रीज यांचे गणित बरोबर होते. वेगेनर यांची दुसरी चूकही लपवण्याचे कारण नाही. रेखांशाच्या जुन्या मोजण्यांवर विसंबून त्यांनी ग्रीनलँड दर वर्षी कित्येक मीटर पश्चिमेकडे सरकत असल्याचे सांगितले. खरा वेग काही सेंटिमीटरांचा आहे.

तेव्हा त्यांचे कारण चुकले होते, घटना मात्र खरी होती. विरोधकांनी कारण खोडले आणि घटनाही खोडली गेली असे मानले. ओरखडे इरईच्या खडकावर होते तसेच राहिले; त्यांचे उत्तर कोणी दिले नाही. हा दोष गणिताचा नव्हे, वृत्तीचा होता. काहींनी मात्र दार उघडे ठेवले. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु टॉइट दोन खंडांचे खडक स्वतः ताडून पाहत होते. ब्रिटनचे आर्थर होम्स यांनी, पृथ्वीच्या पोटातील प्रावरण किरणोत्साराच्या उष्णतेने अतिशय मंद गतीने ढवळले जात असावे आणि तेच प्रवाह खंडांना वाहून नेत असावेत, अशी कल्पना मांडली. वेगेनर यांना हवे असलेले बल याच दिशेला होते.

त्यांना ते सिद्ध झालेले पाहायला मिळाले नाही. १९३० मध्ये ते मोठ्या जर्मन मोहिमेचे नेते म्हणून ग्रीनलँडला गेले. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, हिमचादरीच्या मध्यावर, वर्षभर हवामान नोंदवणारे ठाणे उभारायचे होते. त्याचे नाव आइसमिटे, म्हणजे बर्फाचा मध्य. समुद्रातले बर्फ वेळेवर फुटले नाही, सामान उशिरा उतरले, पंख्यावर चालणाऱ्या नव्या घसरगाड्या कामाला आल्या नाहीत. आतल्या दोघा सहकाऱ्यांना हिवाळ्यापुरते इंधन आणि अन्न पोहोचले नव्हते. २१ सप्टेंबर रोजी वेगेनर, फ्रिट्झ लोवे आणि तेरा ग्रीनलँडवासी १५ कुत्रेगाड्या घेऊन निघाले. थंडी आणि वारा पाहून ग्रीनलँडवासी एकेक करून परत फिरले. त्यांना भ्याड म्हणणारे पुष्कळ निघतील. आम्ही म्हणणार नाही. तो प्रदेश त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता आणि त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. एकच तरुण पुढे गेला. त्याचे नाव रास्मुस व्हिलुमसेन.

तिघे ३० ऑक्टोबरला आइसमिटेला पोहोचले. वाटेत तापमान शून्याखाली ५० अंशांहूनही खाली गेले होते. लोवे यांच्या पायांची बोटे गोठून मेली होती. ती पुढे त्या बर्फाच्या खोदलेल्या घरात खिशातल्या चाकूने कापावी लागली. आतल्या दोघांनी काटकसरीने हिवाळा निभावण्याचे आधीच ठरवले होते. पाच जणांना पुरेल इतके अन्न मात्र नव्हते. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि रास्मुस दोन गाड्या आणि १७ कुत्री घेऊन किनाऱ्याकडे परत निघाले. ते पोहोचले नाहीत.

१२ मे १९३१ रोजी शोधपथकाला किनाऱ्यापासून सुमारे १८९ किलोमीटरवर बर्फात उभ्या रोवलेल्या दोन स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा देह होता, झोपण्याच्या पिशव्यांच्या आवरणात नीट शिवलेला. बहुधा अतिश्रमाने हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला होता. रास्मुसने त्यांना विधिपूर्वक पुरले, खूण उभारली, त्यांची रोजनिशी बरोबर घेतली आणि तो एकटा पुढे निघाला. पुढे काही अंतरापर्यंत त्याच्या मुक्कामाच्या खुणा मिळाल्या. तो मिळाला नाही, रोजनिशीही मिळाली नाही. वेगेनर यांच्यावर ग्रंथ आहेत, त्यांच्या नावाने जर्मनीत ध्रुवसंशोधनाची मोठी संस्था आहे. ज्या तरुणाने मरणाच्या दारातही दुसऱ्याच्या देहाचा मान राखला, त्याचे नाव तळटीपेत येते. म्हणून वर्गात हा धडा शिकवताना फळ्यावर आम्ही दोन्ही नावे लिहितो.

यानंतर तीस वर्षे विषय बहुतांशी बाजूला पडला. मग महासागराचा तळ बोलू लागला. ध्वनिलहरींनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून मेरी थार्प या अमेरिकी स्त्रीने १९५० च्या दशकाच्या आरंभी अटलांटिकच्या तळाचे छेद रेखाटले. महासागराच्या मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला एक खोल भेग दिसली. सहकारी ब्रूस हीझेन यांनी प्रथम ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली, कारण ते खंडवहनासारखे दिसत होते. स्त्री म्हणून तिला संशोधन-जहाजावर पाऊल ठेवण्याची मुभाही तेव्हा नव्हती. पुढे भूकंपांची केंद्रे त्याच भेगेवर ओळीने बसली आणि हीझेन यांना मानावे लागले. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले की त्या भेगांतून प्रावरणातले द्रव्य वर येते, त्याचा नवा समुद्रतळ बनतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या खडकांत गोठलेल्या चुंबकत्वाचे पट्टे वाचून दाखवले. भेगेच्या दोन्ही बाजूंना ते आरशातल्यासारखे सारखे होते. १९६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धान्त उभा राहिला.

त्या सिद्धान्तात वेगेनर यांच्या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. खंड समुद्रतळाला नांगरासारखे फाडीत जात नाहीत. खंड आणि समुद्रतळ दोन्ही एकाच जाड पट्टावर बसलेले आहेत आणि पट्टच सरकतो. जेथे पट्ट दूर होतात तेथे महासागर रुंदावतो. अटलांटिक आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर रुंदावत आहे, साधारण आपली नखे वाढतात त्या वेगाने. जेथे ते भिडतात तेथे जुना, थंड आणि जड झालेला समुद्रतळ वाकून प्रावरणात खाली जातो, आणि खाली जाताना आपल्यामागे पट्ट ओढून नेतो. तेथे खोल गर्ता, ज्वालामुखी आणि मोठे भूकंप. म्हणूनच खंडांवर चारशे कोटी वर्षांचे खडक सापडतात, पण आजच्या महासागरांच्या तळाचे वय बहुतेक सर्वत्र वीस कोटी वर्षांच्या आत आहे. हलका खंड खाली जात नाही; दोन खंड भिडले की कवच चुरगळून वर येते. गोंडवानापासून तुटलेला भारत उत्तरेकडे सरकला. वाटेत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून आपला दख्खनचा काळा पाषाण बनला, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. हिमालय ही त्या टकरीची अजून न संपलेली घडी आहे. त्या घडीत, आज बर्फाने झाकलेल्या एव्हरेस्टच्या माथ्यावर, समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे.

उपग्रह आणि किरणांच्या साहाय्याने खंडांची चाल थेट मोजता येऊ लागली तेव्हा वेगेनर यांच्या निधनाला अर्धशतक उलटले होते. एल्से मात्र हयात होत्या. नाताळातील नकाशासंग्रहाची हकीकत ज्यांना प्रथम कळली, त्या एल्से १९९२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी वारल्या. पतीचा देह त्यांच्या इच्छेनुसार ग्रीनलँडमध्येच ठेवण्यात आला. शोधपथकाने त्यावर रोवलेली खूण बर्फाने केव्हाच गिळली आहे. दर वर्षीच्या हिमवर्षावाने तो खोल जात आहे आणि हिमचादरीबरोबर हळूहळू किनाऱ्याच्या दिशेने सरकत आहे.